जुन्या पऱ्या, नव्या पऱ्या

१८७० च्या सुमाराला स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावर लोकांनी एका तळ्यात जाळं सोडलं. मासे धरायला नव्हे, घोडा धरायला. बेटाच्या दक्षिणेला स्लीट नावाचा भाग आहे, तिथलं हे तळं, लॉख नान दुव्राखन. त्यात जलअश्व राहतो, अशी आसपासच्या गावांची खात्री होती. एकदाचा निकाल लावायचा म्हणून दोन्ही काठांवर माणसं उभी राहिली, मधे जाळं, आणि बघ्यांची ही गर्दी. ओढता ओढता जाळं कशात तरी अडकलं. त्याबरोबर काठावरची सगळी शूर मंडळी दोर टाकून पळत सुटली. पाण्यातून काहीच बाहेर येत नाही असं बघून ती परत आली आणि जाळं वर घेतलं, तर आत दोन पाइक मासे. घोडा जाळ्यात सापडला नाही, एवढंच त्यातून सिद्ध झालं.

गेलिक बोलणाऱ्या सगळ्या मुलखात हा घोडा आहे. काठावर तो गरीब तट्टासारखा चरत असतो. पोर पाठीवर बसलं की त्याचा हात घोड्याच्या कातडीला चिकटतो आणि घोडा सरळ पाण्यात शिरतो. कधी तो देखण्या तरुणाचं रूप घेतो आणि एखाद्या मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपतो. तिने केसांतून हात फिरवला की बोटांना वाळू आणि शेवाळ लागतं, मग तिला उमगतं. जिथे घराच्या मागेच काळंभोर, एकदम खोल जाणारं पाणी आहे, तिथे पोरांना काठापासून लांब ठेवायला याहून चांगली पाटी कोणती लावणार?

‘स्कायवर काय पाहाल’ अशा याद्यांमध्ये हे तळं सहसा नसतं. तिथे असतात ‘फेअरी पूल्स’ आणि ‘फेअरी ग्लेन’. माझ्या मते या बेटावर दोन जातींच्या पऱ्या आहेत. नव्या पऱ्या गोजिऱ्या आहेत, फोटोत छान येतात, आणि त्यांच्यामागे गोष्ट अशी जवळजवळ काहीच नसते. जुन्या पऱ्या, भुतं आणि घोडे दलदलीत, गुहांत, पडक्या देवळांत राहतात आणि त्यांचा कुणाच्या तरी जगण्यामरण्याशी संबंध असतो. पहिल्यांना ऊन लागतं. दुसऱ्यांना पाऊस चालतो, आणि स्कायवर पाऊस भरपूर आहे.

किती भरपूर? हे बेट सुमारे १,६५० चौरस किलोमीटरचं, वस्ती १०,००० च्या आसपास. किनाऱ्याकडे वर्षाला साधारण दीड ते दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मधल्या कुइलिन डोंगरांवर तीन हजारांच्या पुढे. मुंबईकर म्हणेल, एवढा तर आमच्याकडे चार महिन्यांत पडतो. खरं आहे, फरक वाटणीत आहे. स्कायचा पाऊस बाराही महिने हप्त्याहप्त्याने येतो, आणि वाऱ्यावर आडवा येतो. त्यामुळे छत्री घरी ठेवावी. चांगला रेनकोट आणि पाणी न शिरणारे बूट घ्यावेत. त्यातल्या त्यात एप्रिल ते जून कोरडे. जूनमध्ये रात्री दहा वाजून गेले तरी उजेड असतो, म्हणून सकाळ पावसात गेली तरी दिवस वाया जात नाही. मेअखेरपासून सप्टेंबरपर्यंत ‘मिज’ नावाची चिलटं चावतात, पण वारा सुटला की ती नाहीशी होतात. म्हणजे ज्या वाऱ्याला आपण शिव्या देतो तोच कामाला येतो.

बेटावर जायला १९९५ पासून पूल आहे. सुरुवातीला त्यावर जबर टोल होता. बेटकऱ्यांनी तो न भरण्याची चळवळ केली, खटले अंगावर घेतले, आणि २००४ च्या डिसेंबरात टोल गेला. मॅलेगहून आर्माडेलला बोटीनेही येता येतं, तो रस्ता जास्त देखणा. आतले बरेच रस्ते एकेरी रुंदीचे आहेत. समोरून गाडी आली की ‘पासिंग प्लेस’ लिहिलेल्या जागी थांबायचं. तिथे गाडी लावून फोटो काढायला जाणाऱ्यांवर गावकरी चिडतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

फेअरी ग्लेन उत्तरेला उइग गावाजवळ आहे. छोट्या छोट्या हिरव्या टेकड्या, मधे एक बसाल्टचा सुळका. जागा गोड आहे, पण तिला कोणती जुनी दंतकथा नाही. पर्यटक तिथे दगडांची चक्रं मांडतात, आणि गवताची नासाडी होते म्हणून गावकरी ती मोडतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा नवं चक्र. फेअरी पूल्स मात्र चुकवू नयेत. कुइलिनच्या पायथ्याशी ओढ्यातले हे डोह इतके स्वच्छ असतात की खोलीचा अंदाज येत नाही, आणि पाऊस झाल्यावर तिथले छोटे धबधबे रंगात येतात. या जागेची जुनी आठवण मात्र पऱ्यांची नाही, लढाईची आहे. डोहांच्या वरच्या खोऱ्यात १६०१ मध्ये मॅक्डोनाल्ड आणि मॅक्लाउड या दोन घराण्यांची शेवटची मोठी लढाई झाली. भांडणाचं कारण असं सांगतात : मॅक्डोनाल्डांच्या सरदाराने मॅक्लाउडांची मुलगी वर्षभराच्या बोलीवर बायको म्हणून नेली होती. त्या काळात तिचा एक डोळा गेला. मुदत संपल्यावर त्याने तिला माहेरी परत पाठवलं, तेही एकाक्ष घोड्यावर बसवून. लगाम धरायला एकाक्ष नोकर, मागून चालायला एकाक्ष कुत्रा. एवढा अपमान कोण गिळणार? लढाई मॅक्डोनाल्डांनी जिंकली, ही गोष्टीतली आणखी वाईट बाजू.

मॅक्लाउडांचा वाडा डनवेगनला समुद्राच्या काठावर आहे. घराणं तिथे सुमारे ८०० वर्षं नांदतं आहे. पावसाळी दिवसासाठी याच्यासारखी जागा नाही. दिवाणखान्यात काचेमागे रेशमाचा एक विटका, विरलेला, जागोजाग रफू केलेला तुकडा लावला आहे. हेच ते परीचं निशाण. एक कथा अशी की घराण्यातल्या एका सरदाराने परीशी लग्न केलं. वीस वर्षांनी तिला आपल्या लोकांत परतावं लागलं, तेव्हा जवळच्या एका पुलावर निरोप घेताना तिने हे वस्त्र दिलं. दुसरी अशी की पाळण्यातलं बाळ उघडं पडलं होतं, परीने येऊन त्याला यात गुंडाळलं आणि अंगाई म्हटली. दोन्ही कथांत निशाणाला वर आहे : घराणं संकटात असताना ते तीनदा फडकवता येईल. दोनदा फडकवून झालं आहे, असं मानतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या तज्ज्ञाने कापड तपासलं आणि ते पूर्वेकडून, सीरियासारख्या मुलखातून आलं असावं, असं मत दिलं. तेव्हाच्या मॅक्लाउड प्रमुखांनी त्याला शांतपणे सांगितलं की तुम्ही खुशाल तसं माना, मला मात्र ते परीने दिलं आहे हे ठाऊक आहे. तज्ज्ञाने मान तुकवली, असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धात घराण्यातले तरुण वैमानिक या चिंधीचा फोटो खिशात ठेवून उडत.

त्याच वाड्यात एक बैलाचं शिंग आहे. नव्या प्रमुखाने ते वाइनने भरून, तोंड न काढता रिकामं करायचं असतं. आणि वाड्याचं छत गळत असे, हेही सांगायला हवं. २००० मध्ये त्या वेळच्या प्रमुखांनी दुरुस्तीच्या पैशासाठी चक्क कुइलिन डोंगर १ कोटी पौंडांना विकायला काढले होते. डोंगर यांचे कधी झाले, असा गदारोळ उठला आणि विक्री बारगळली.

निशाण दुसऱ्यांदा फडकलं ती जागा वॉटर्निशच्या टोकाला, ट्रंपनला आहे. पडक्या देवळाच्या भिंती, दफनभूमी आणि खाली समुद्र. १५७८ मध्ये एका रविवारी मॅक्लाउड प्रार्थनेला जमले असताना मॅक्डोनाल्डांनी दार बंद करून देऊळ पेटवलं. हा सूड होता. आदल्या वर्षी मॅक्लाउडांनी एग बेटावर गुहेच्या तोंडाशी आग लावून मॅक्डोनाल्डांची अख्खी वस्ती गुदमरवून मारली होती. ट्रंपनमधून एक मुलगी तेवढी निसटली, तिने हाक दिली, डनवेगनहून माणसं निशाण घेऊन धावली. तोवर ओहोटी लागून हल्लेखोरांच्या होड्या वाळूत रुतल्या होत्या. मारल्या गेलेल्या हल्लेखोरांची प्रेतं एका दगडी बांधाच्या कडेला ओळीने ठेवली आणि बांध त्यांच्यावर लोटून दिला. ही लढाई अजून त्या पाडलेल्या बांधाच्या नावानेच ओळखली जाते. याच दफनभूमीत लेडी ग्रेंज पुरली आहे. एडिंबरोतली ही बाई नवऱ्याचं गुपित फोडेल म्हणून १७३२ मध्ये तिला पळवून नेलं, एकामागून एका बेटावर डांबून ठेवलं, आणि १७४५ मध्ये ती स्कायवर मेली. तिच्यावर खरं तर वेगळं प्रकरण लिहायला हवं.

आता डोंगरांकडे. डनवेगनच्या पलीकडे दोन सपाट माथ्याचे डोंगर दिसतात, मॅक्लाउडची टेबलं. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचे वाटतील. तेच माथ्याचं पठार, त्याच पायऱ्या पायऱ्यांच्या उतरंडी, थरांच्या मधे कुठे कुठे तसाच लाल मातीचा पट्टा. हा भास नाही. आपलं दख्खन सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं, तर स्कायचा लाव्हा सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी, उत्तर अटलांटिक महासागर उघडायला लागला त्या सुमाराचा. बसाल्टच्या पोकळ्यांत वाढणारे झिओलाइटचे स्फटिक जसे पुण्या-नाशकाकडे मिळतात, तसे इथेही मिळतात. या टेबलांची गोष्ट मात्र त्यांची स्वतःची आहे. राजाने आपल्या दरबारात मॅक्लाउडला हिणवलं, असा दिवाणखाना तुझ्याकडे आहे का? त्याने राजाला रात्री डोंगराच्या माथ्यावर मेजवानी दिली : छताला चांदण्या, आणि समया म्हणून हातात मशाली घेतलेले त्याचे शिपाई.

लाव्हा एकच असला तरी उत्तरेकडच्या ट्रॉटर्निशमध्ये त्याचं काही वेगळंच झालं आहे. इथे बसाल्टचे जड थर ज्युरासिक काळातल्या मऊ, चिकणमातीच्या खडकांवर बसले आहेत. हिमयुग संपून हिमनद्या मागे गेल्या, कड्यांचा आधार गेला, आणि अख्खे डोंगर पायातून सरकले. सुमारे ३० किलोमीटर लांबीची ही दरड ब्रिटनमधली सर्वांत मोठी. ‘ओल्ड मॅन ऑफ स्टॉर’ हा सुमारे ५० मीटर उंच सुळका तिच्यातलाच एक तुकडा. लोक म्हणतात, इथे एक राक्षस पुरला आहे आणि त्याचा अंगठा वर राहिला. क्विराइंगला तर दरड अजून हलते. खालच्या फ्लोडिगॅरी गावाजवळचा रस्ता वरचेवर दुरुस्त करावा लागतो. क्विराइंगच्या कड्यांमागे एक लपलेलं सपाट कुरण आहे. लुटारू आले की लोक गुरं तिथे नेऊन लपवत, असं सांगतात. स्टॉरला सगळे जातात. वेळ एकाच जागेला असेल तर मी क्विराइंग सुचवीन, आणि धुकं असलं तरी जा म्हणेन. धुक्यात सुळके एकेक करून समोर येतात. पायवाट एका जागी अरुंद आणि निसरडी आहे, तेवढं सांभाळावं.

त्या मऊ खडकांत डायनोसॉर आहेत. स्टॅफिनजवळ अन कॉरनच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी, हिवाळ्यातल्या वादळांनी वाळू वाहून नेली असेल तर, तीन बोटांचे ठसे दगडात स्पष्ट दिसतात. ते सुमारे साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. वाळू असेल तर काही दिसत नाही; तेव्हा जवळच्या एका जुन्या शाळेतलं छोटं संग्रहालय बघावं.

ट्रॉटर्निशच्या टोकाला डंटल्मचा पडका किल्ला, मॅक्डोनाल्डांचा. दाईच्या हातून सरदाराचं मूल खिडकीतून कड्याखाली पडलं आणि मग घराण्याने किल्ला सोडला, अशी एक कथा. मला आवडते ती उशजनची. हा सरदाराचा नातलग. त्याने एकाच दिवशी दोन पत्रं लिहिली : एक सरदाराला, मायेने भरलेलं, दुसरं साथीदाराला, सरदाराचा खून कसा करायचा त्याबद्दल. पत्रं पाकिटात भरताना अदलाबदल झाली. उशजनला डंटल्मच्या तळघरात कोंडून खारवलेलं मांस भरपूर खायला दिलं, आणि पाण्याचं भांडं दिलं ते रिकामं. त्याचं भूत अजून तिथे पाणी मागतं.

जवळच किलम्युअरच्या दफनभूमीत फ्लोरा मॅक्डोनाल्डची समाधी आहे. ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या आणि १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत हरलेल्या राजपुत्र चार्ल्सच्या डोक्यावर ३०,००० पौंडांचं इनाम असताना चोवीस वर्षांच्या फ्लोराने त्याला आयरिश मोलकरणीच्या वेशात होडीतून स्कायला आणलं. इनामाच्या लोभाने कुणी तोंड उघडलं नाही. सत्तावीस वर्षांनी कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन त्यांचे मित्र बॉझवेल यांच्याबरोबर स्कायवर आले, तेव्हा तिनेच त्यांचा पाहुणचार केला आणि राजपुत्र ज्या पलंगावर झोपला होता त्यावर त्यांना झोपवलं. तिच्या समाधीचा मूळ दगड आज नाही. आठवण म्हणून तुकडे फोडून फोडून पर्यटकांनी तो संपवला. शेजारीच गवती छपराच्या जुन्या घरांचं संग्रहालय आहे. आत चुलीचा धूर कसा भरत असेल याची कल्पना येते.

कुइलिन डोंगरांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण ते गिर्यारोहकांचं काम आहे. गॅब्रो हा खडबडीत खडक बुटाला धरून ठेवतो, पण त्यात घुसलेला बसाल्ट ओला झाला की काचेसारखा होतो. शिवाय हे खडक चुंबकीय असल्याने होकायंत्र फसवतं. सर्वांत उंच शिखर ९९२ मीटर, आकडा लहान वाटतो, वाट तशी नाही. ज्यांना चढायचं नाही त्यांनी एल्गोलहून बोटीने लॉख कोरुस्कला जावं. मुसळधार पावसात तिथल्या उघड्या कातळांवरून सगळीकडून पाणी कोसळतं. स्लिगाखनच्या जुन्या पुलाखाली पाण्यात तोंड बुडवलं की चिरतारुण्य मिळतं, म्हणून रांग लागते. ही परीकथा मला नव्या जातीतली वाटते. त्याच पुलावरून ग्लॅमेग हा ७७५ मीटरचा, सुटलेल्या दगडधोंड्यांचा डोंगर दिसतो. १८९९ मध्ये मेजर चार्ल्स ब्रूस या ब्रिटिश अधिकाऱ्याबरोबर आलेला हवालदार हरकबीर थापा हा गुरखा सैनिक स्लिगाखनच्या हॉटेलपासून अनवाणी धावत ग्लॅमेगच्या माथ्यावर जाऊन ५५ मिनिटांत परत आला. त्याची आधीची, जास्त वेळ घेतलेली धाव जमीनमालकाला खरी वाटली नाही, म्हणून तो पुन्हा धावला; ५५ मिनिटं ही त्या दुसऱ्या धावेची वेळ, असं सांगतात. आता तिथे त्याच्या आठवणीने शर्यत होते.

स्कायवर फिरताना एक गोष्ट खटकते : एवढी हिरवळ, आणि माणसं कुठे आहेत? गाइड लोक त्याला निसर्गाचा एकांत म्हणतात. तो एकांत माणसांनी केलेला आहे. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी गावंच्या गावं उठवली. ब्रॉडफर्डजवळून बोरेरेग आणि सुइश्निश या दोन गावांकडे जाणारी साधारण १६ किलोमीटरची फेरी हा माझ्या लेखी बेटावरचा सर्वांत चांगला चालण्याचा रस्ता. बोरेरेगला समुद्राकाठी छपरं नसलेल्या घरांच्या भिंती उभ्या आहेत, आणि जुन्या शेतीच्या सऱ्या गवताखालून अजून दिसतात. ही गावं १८५३ मध्ये उठवली. तरुण आर्चिबाल्ड गीकी, जे पुढे ब्रिटनच्या जुन्या ज्वालामुखींचे मोठे अभ्यासक झाले, त्यांनी सुइश्निशच्या लोकांना रडत गाव सोडून जाताना पाहिलं आणि म्हातारपणी आठवणींत लिहून ठेवलं.

पुढे लोक रडायचे थांबले. पोर्ट्रीच्या दक्षिणेला ब्रेज नावाची वस्ती आहे. १८८२ मध्ये कुळांनी चराईच्या हक्कासाठी खंड रोखला, नोटिशी जाळल्या. ग्लासगोहून ५० पोलीस आले. बायकापुरुषांनी त्यांना दगडांनी झोडपलं. रस्त्याकडेला आता स्मारक आहे. सरकारने चौकशी आयोग नेमला, अध्यक्ष लॉर्ड नेपियर. हे गृहस्थ आधी मद्रासचे गव्हर्नर होते आणि १८७२ मध्ये काही काळ हंगामी व्हाइसरॉयही. मे १८८३ मध्ये आयोगाची पहिली बैठक ब्रेजलाच भरली. पहिल्याच साक्षीदाराने आधी हमी मागितली की खरं बोललो म्हणून मला जमिनीवरून काढणार नाही ना. १८८६ मध्ये कायदा झाला आणि कुळांना हुसकता येणार नाही असं ठरलं. जमिनीसारखीच भाषाही धरून ठेवायचा प्रयत्न इथे चालू आहे : स्लीटला १९७३ पासून साबल मोर ऑस्टेग हे गेलिक कॉलेज आहे. उन्हाळ्यात तिथे आठवडाभराचे भाषावर्ग असतात. बेटावर पाऊस लागून राहिला तर याहून बरा उद्योग मला सुचत नाही.

एक दिवस रासे बेटासाठी राखावा. स्कॉन्सरहून बोटीने २५ मिनिटं लागतात, गाडीही नेता येते. रासेच्या उत्तरेला आर्निश वस्तीपर्यंत रस्ता नव्हता. लोकांनी अनेक वर्षं अर्ज केले, काउंटीने दाद दिली नाही. कॅलम मॅक्लाउड हा तिथला शेतकरी आणि पोस्टमन. त्याने रस्ते बांधण्यावरचं एक जुनं पुस्तक विकत घेतलं आणि १९६० च्या दशकाच्या मध्यावर कुदळ, फावडं आणि हातगाडा घेऊन सुरुवात केली. जवळजवळ तीन किलोमीटरचा रस्ता एकट्याने, सुमारे दहा वर्षांत. तो पुरा झाला तोवर आर्निशमध्ये कॅलम आणि त्याची बायको एवढीच दोघं उरली होती. पुढे सरकारने त्यावर डांबर घातलं. गाडी अगदी टोकापर्यंत जाते. वळणं तीव्र आहेत, पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ निघतानाच बघून घ्यावी.